मी मी म्हणणारा

सकाळी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसवून ती मुलाच्या बुटाची नाडी बांधत होती. तिच्या डोक्यावरून पलीकडे, भिंतीवरच्या विजेच्या मीटरांच्या पेटीकडे बघत तो म्हणाला, "तू हरवलास." एवढंच. रडणं नाही, ओरडणं नाही. कुणी सहज "ऊन पडलं" म्हणावं तसं. तिच्या बोटांतली नाडी अर्धवट गाठीतच राहिली. दुसऱ्या कुणाच्या पोरानं असं म्हटलं असतं तर आईनं हसून विचारलं असतं, कोण रे हरवलं? पण भुंग्याचं तसं नव्हतं. घरीदारी सगळे त्याला भुंगाच म्हणत. ओठ मिटून तो दिवसभर गुणगुणायचा, आणि जे जे गुणगुणतं त्याला कान लावून उभा राहायचा: फ्रिजला, मीटरच्या पेटीला, रस्त्याकडेला इंजिन चालू ठेवून थांबलेल्या मोटारीला. त्याच्या भाषेत 'तू' म्हणजे तो स्वतः. जन्मल्यापासून सगळे त्याला तूच म्हणत आले, म्हणून तो तू. आई स्वतःला मी म्हणायची, मी आले हं, मी देते, मी आहे ना, म्हणून आईचं नाव मी. तसा त्याचा हिशेब चोख होता, चुकत असेल तर जगाचाच. तहान लागली की तो म्हणे, "तुला पाणी हवं?" पडला की म्हणे, "तू पडलास." आणि आता पाच वर्षांचा तो तिचा मुलगा मीटरच्या पेटीला सांगत होता की तू हरवलास. म्हणजे मी हरवलो. कधी? तिनं त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. डोळे वळले नाहीत. "कुठे रे? कुठे हरवलास?" "कुठे हरवलास," तो म्हणाला, आणि गुणगुणायला लागला.

शाळेच्या दाराशी विचारायला वेळ नव्हता. त्याच्यासारख्या मुलांची ती छोटी शाळा, दार उघडतं नि बंद होतं, हात या मुठीतून त्या मुठीत जातो. त्याला सोडून ती कामावर आली तेव्हा ते वाक्य चपलेला लागलेल्या डांबरासारखं तिच्याबरोबर आलं. ती दातांच्या कवळ्या बनवायची. दंतवैद्यांकडून लोकांच्या तोंडांचे साचे यायचे, ती त्यांत प्लास्टर ओतायची, मेणाच्या हिरड्या उभ्या करायची, त्यांत एकेक दात बसवायची. फळीवर पांढरी तोंडं ओळीनं मांडलेली असत, सगळी आ वासून. पहिल्या वर्षी तिला त्यांची गंमत वाटायची. भुंगा बोलेना तेव्हापासून ती त्यांच्याकडे पाठ करून बसायची, कारण काही तरी सांगायला उघडलेली आणि न सांगताच राहिलेली एवढी तोंडं एका खोलीत बरी दिसत नाहीत. आज तर तिला वाटलं, ती सगळी एकच शब्द म्हणायच्या बेतात आहेत. हरवलास. सुरी मेणात खोल गेली.

शेजारच्या टेबलावरचे काका कवळ्यांना पॉलिश करायचे. स्वतःच्या तोंडाचं बोळकं झालेलं, पण लावायचे नाहीत काही. म्हणायचे, हलवाई कुठे मिठाई खातो. चाकावरून हात न काढता ते म्हणाले, "वहिनी, आज दातखीळ बसली का? सकाळपासून शब्द नाही."

"काका, तू हरवलास, असं कुणी कुणाला उगाच म्हणतं का हो?"

"म्हणतात की. आमची बायको रोज म्हणते, कुठे हरवलात म्हणून. मी तिच्या समोरच बसलेला असतो."

ती हसली नाही. काकांनी चाक थांबवलं. "भुंगोबा म्हणाला?"

"हो."

"मग कुठे तरी ऐकलं असेल. तो काय पदरची भर घालतो थोडाच? जेवढं कानावर पडतं तेवढंच परत करतो. सचोटीचा माणूस."

काका म्हणाले ते खरंच होतं, आणि तेच तर वाईट होतं. कुणी तरी त्याला म्हणालं असेल तरच तो म्हणणार. आणि कुणी तरी कधी म्हणेल? तो कुठे तरी हरवून सापडला असेल तेव्हा. तो पोटात होता तेव्हा तिला इतर बायांसारख्याच भीत्या होत्या, तापाच्या, पडण्याच्या, गॅलरीच्या कठड्याच्या. पुढे त्या सगळ्या झडून गेल्या आणि एकच उरली, झाडाची पानं गेली की खोड दिसतं तशी. हाक मारली तर तो वळत नसे. डॉक्टरांनी त्याच्या पाठीमागे घंटी वाजवली, कागद चुरगळला, यंत्र लावलं आणि सांगितलं, कान तुमच्या-माझ्यापेक्षा चांगले आहेत. ते तिला माहीत होतं. दोन खोल्यांपलीकडचा फ्रिज सुरू झाला की तो झोपेत कूस बदलायचा. फक्त त्याचं नाव त्याला कुठे लागत नसे, पाण्यावर मारलेल्या दगडासारखं वरच्यावर निघून जाई. मग एके दिवशी हा गर्दीत हातातून सुटला तर हाक मारून उपयोग नाही, आणि रडत उभा राहील म्हणावं तर तेही नाही. जिथे गुणगुण असेल तिथे कान लावून सुखानं उभा राहील. हरवलेल्या पोराला आपण हरवलोय हेच कळत नसेल तर ते सापडायचं कसं? हे तिनं कुणालाच कधी विचारलं नव्हतं. नवरा काचा बसवायचा, दिवसभर उंच इमारतींच्या बाहेरच्या बाजूला पाळण्यात लोंबकळायचा, संध्याकाळी तिचा चेहरा बघून विचारायचा, "काय झालं?" ती म्हणायची, "कुठे काय." भीती वाटते असं म्हटलं की ती घरात येऊन जेवायला बसेल असं तिला वाटे. म्हणून मी घाबरले, हे दोन शब्द त्या घरात तिच्या तोंडून कधी निघाले नव्हते. सासूबाई म्हणायच्या, आपल्याकडे उशिराच बोलतात, याचा बाप चार वर्षं मुका होता आणि आता थांबतोय का बघ. त्यावर नवराही हसायचा आणि तीही हसायची.

प्लास्टर हाताखाली कढत होत आलं. ते आळताना तापतं, जिवंत असल्यासारखं. हात ठेवून तिला गेल्या वर्षीची दुपार आठवली, शाळेतून फोन आला ती. बाई सांगत होत्या, आज सारखा मी-मी करतोय, मी पाहिजे, मी पाहिजे म्हणून लोळतोय, सगळं आपल्यालाच हवं, वाटून घ्यायला शिकवा जरा घरी. ती धावत गेली, तर तो भिंतीशी घामानं भिजून बसलेला. तिला बघितल्यावर गप्प झाला, तिच्या ओढणीचं टोक कानाशी धरून बसला. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला की पोरगं दिवसभर आईला हाक मारत होतं. काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "मी मी म्हणणारे आयुष्यात पुष्कळ बघितले, वहिनी. आईसाठी मी मी म्हणणारा हा पहिलाच." पण बोलायला शिकवणाऱ्या ताईंना ते काही आवडलं नाही. चांगल्या होत्या ताई, चिकाटीच्या. म्हणाल्या, ही सवय मुरली तर जाणार नाही. तो मी म्हणाला तर तुम्ही ओ द्यायची नाही. आई म्हणाला की लगेच द्यायची. आणि प्रत्येक वाक्य त्याच्या तोंडात बरोबर करून घाला: मला पाणी हवं, म्हण. मी घाबरलो, म्हण. तिनं दाताच्या कण्या केल्या. "मला पाणी हवं, म्हण." तो म्हणे, "मला पाणी हवं म्हण." शेपटासकट. नवरा पोट धरून हसला, म्हणाला, "घ्या. आता सगळ्या गावाकडून म्हणवून घेईल." आणि ओ न देण्याचं म्हणाल, तर तेही तिनं केलं. न्हाणीघरात डोळ्यांत साबण गेलेला भुंगा "मी! मी!" करत होता आणि ती हातभर अंतरावर टॉवेल घेऊन तोंड मिटून उभी होती. मागून सासूबाई म्हणाल्या, "पोराच्या हाकेला ओ द्यायची बंदी, ही कसली गं विद्या? ओ द्यायला काय पदरचं जातं?" तो मी म्हणायचा हळूहळू थांबला. ताई म्हणाल्या, छान. पण त्या जागी आई आलंच नाही. काहीच आलं नाही. आता तो हाकच मारत नसे. साबण डोळ्यांत गेला तर डोळे मिटून, ओठ मिटून, गुणगुणत उभा राही, आणि तिला वाटे, होता नव्हता तो एक दोर आपण आपल्या हातानं कापला की काय.

त्या दिवशी ती शाळेत लवकर गेली. मुलांना सांभाळणाऱ्या मावशी दाराशी होत्या. तिनं विचारलं आणि विचारताना तिचा आवाज तिलाच परका वाटला. "मावशी, काल हा कुठे हरवला होता का? खरं सांगा, मी कुणाला बोलणार नाही."

मावशींनी आधी कपाळावर हात मारला, मग हसल्या. "अहो, तो कसा हरवेल, फाटकाला कडी मी घालते. मोजा हरवला त्याचा. गालिच्यावर बसला की काढतो, तुम्हाला माहीत आहे. घरी जाताना बघते तर एकच. मी म्हटलं, मोजा कुठाय? हरवलास ना? तू हरवलास? तर माझ्याकडे बघून टाळ्या वाजवतोय."

मोजा. तिला मोजा हा शब्द कळायलाच थोडा वेळ लागला. काल संध्याकाळी एक मोजा नव्हताच, ती समजली धुण्यात असेल. दिवसभर ज्याला गळफास समजून ती मान आवळून बसली होती तो लोकरीचा एक मोजा निघाला. तिला हसू फुटलं, मावशींनाही फुटलं, दोघी फाटकाशी उभ्या राहून डोळे पुसेपर्यंत हसल्या, आणि भुंगा दोघींच्या मध्ये उभा राहून फाटकाच्या लोखंडी गजाला कान लावून त्यांचं हसणं ऐकत होता. "चल," ती म्हणाली, "मोजे हरवणाऱ्या, नवे घेऊ." पाठीवरचं ओझं उतरलं की माणूस दोन पावलं वेडंवाकडं चालतं, ती तशी चालली.

कोपऱ्यावर मोठं दुकान होतं, मजल्यावर मजले, खाली गाड्या ठेवायची जागा. मोज्यांची मांडणी आत शिरल्यावर लगेच होती. भुंग्याला कसलेही मोजे चालत नसत. बोटांपाशी जी शिवण असते ती त्याला खुपायची, खडा रुतावा तशी. म्हणून मोजा उलटा करून आत हात घालून बोटांनी शिवण चाचपून बघावी लागे. तिचे हात दातांचे, केसाएवढा उंचवटा त्यांना कळायचा. पण ते एका हातानं होत नाही, मुलाचा हात सोडावा लागतो. तिनं मुलाला आपल्या गुडघ्यांमध्ये उभं केलं, मोजा उलटा केला, बोट आत घातलं. जाड. दुसरा. हाही जाड. तिसऱ्याची शिवण लोण्यासारखी लागली आणि तिला एवढा आनंद झाला की "हे बघ" म्हणून तिनं खाली पाहिलं. गुडघ्यांमध्ये हवा होती.

आधी तिला काहीच झालं नाही. तो मोज्यांच्या पलीकडे असेल. तो शर्टांच्या मागे असेल. तो त्या बाईच्या आड असेल. तो तिथे कुठेच नव्हता. तिनं हाक मारली, त्याच्या कागदावरच्या नावानं, मग भुंग्या म्हणून, मग नुसतीच, आणि प्रत्येक हाक मारताना तिला ठाऊक होतं की ती पाण्यावर दगड मारते आहे. लोक बाजूला झाले, काही थांबले. गल्ल्यावरची मुलगी चपळ होती, तिनं लगेच माईक ओढला. "नाव सांगा. घाबरू नका, रोज हरवतात. नाव ऐकलं की येईल ना?"

"नाही येणार."

"रुसलाय का?"

"नाही. त्याला... नावाचं कळत नाही."

मुलीनं तिच्याकडे क्षणभर बघितलं आणि तरीही माईकवर नाव घेतलं. छतातून नाव कोसळलं, परत कोसळलं, जिथे असशील तिथून गल्ल्यापाशी ये, आई वाट बघते आहे. तिनं कानांवर हात ठेवले, कारण तो कुठे तरी असेच कानांवर हात ठेवत असेल आणि या आवाजापासून दूर, दूर, दार असेल तिकडे पळत असेल. "बंद करा ते," ती म्हणाली. "पाया पडते, बंद करा." "अहो, मग शोधायचं कसं?" मुलगी म्हणाली. तेच तर तिनं कुणालाच विचारलं नव्हतं.

शिट्टी गळ्यात अडकवलेला रखवालदार जिन्यावरून वर येत होता. कुणी तरी त्याला मुलाचं वर्णन सांगितलं. तो म्हणाला, "निळा शर्ट? तसं एक पोर खाली गाड्यांत बघितलं मघाशी. पण ते नसणार. ते हरवलेलं नव्हतं."

"कशावरून?" तिनं त्याची बाही धरली.

"ताई, एवढी वर्षं दारावर आहे. हरवलेलं पोर आई आई करतं. ते मी मी करत होतं. म्हटलं भावंडांचा खेळ चाललाय, मी आधी, मी आधी..."

पुढचं तिनं ऐकलं नाही. जिन्यावर तिची एक चप्पल राहिली. खाली काळोख नव्हता, पण उजेडही नव्हता. तेलाचा आणि ओल्या सिमेंटचा वास, खांबांमागे खांब, गाड्यांमागे गाड्या, आणि सगळीकडून घरघर. वाऱ्याचे मोठे पंखे घरघरत होते, एखादी गाडी सुरू होत होती, एखादी मागे येत होती. सगळं गुणगुणत होतं. ती मनात म्हणाली, हे त्याचं घर आहे. इथून तो कशाला येईल. मग पंख्याच्या आवाजाच्या खालून, फरशीलगत, तिला ते ऐकू आलं. किती महिन्यांनी. "मी." रडका सूर नव्हता. "मी." जशी कुणी दारावर टकटक करून थांबतं, आणि पुन्हा करतं.

तिच्या गळ्याशी ताईंचा नियम आला, तसाच, सवयीनं. तोंड मिटलं गेलं. एक श्वासभर ती तिथे उभी राहिली, हातभर अंतरावर टॉवेल घेऊन उभी राहायची तशी. मग तिनं तोंड उघडलं.

"ओ."

पंखे घरघरले. "मी."

"ओ. ओ रे. ओ."

"मी."

आवाज डावीकडून आला की खांबावर आपटून, ते कळेना. ती वाकून गाड्यांच्या पोटाखालून बघत चालली, एक पाय अनवाणी, आणि प्रत्येक मी-ला ओ देत राहिली, त्याचा मी आणि तिची ओ, बादली विहिरीत सोडावी आणि दोर हाताला लागतोय की नाही बघावं तसं. मागून रखवालदाराची शिट्टी वाजली आणि मी थांबला. "वाजवू नका," ती ओरडली नाही, पण तिनं असं म्हटलं की शिट्टी त्याच्या ओठांवरून खाली पडली. "ओ," ती म्हणाली. काही नाही. "ओ. मी इथे आहे. मी आले." आणि अगदी जवळून, एका उंच मालवाहू गाडीच्या मागल्या चाकाच्या आडून, "मी." त्या गाडीचं इंजिन चालू होतं. मागचे पांढरे दिवे त्याच वेळी लागले.

गाडीच्या पत्र्यावर तिनं दोन्ही हात आपटले. आपले हात किती जोरात आपटू शकतात हे तिला माहीत नव्हतं. रोज ते मेणाशी बोलत. गाडी हिसका देऊन थांबली, ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "ओ बाई, वेड लागलं का?" आणि मग त्यानं ती वाकली होती तिकडे पाहिलं. इंजिन बंद झालं. चाक आणि भिंत यांच्या मध्ये, गाडीच्या पोटाला कान लावून, निळा शर्ट उकिडवा बसला होता. गुणगुण थांबली म्हणून त्यानं कपाळाला आठी घातली. तिच्याकडे बघितलं नाही. पण हात लांब केला आणि तिच्या ओढणीचं टोक धरून कानाशी नेलं.

ती तिथेच तेलाच्या डागावर बसली. तो मांडीवर आला, जड, गरम, घामाच्या वासाचा. रखवालदार, ड्रायव्हर, वरून आलेली गल्ल्यावरची मुलगी, सगळे उभे होते. मुलगी तिची राहिलेली चप्पल हातात धरून उभी होती. "सापडला ना," कोणी तरी म्हणालं, "झालं, आता काय." तिला हो म्हणायचं होतं, पण दात वाजायला लागले होते. आयुष्यभर दुसऱ्यांचे दात तिनं घट्ट बसवले आणि आता स्वतःचे तिला आवरेनात. वरचे खालच्यांवर आपटत होते, कडकड, कडकड, आणि आवाज कवटीत भरला होता. भुंग्याला तो आवाज लागला. त्यानं मान वर केली. इंजिन नाही, पंखा नाही, हे काही नवीन होतं. त्यानं आपला कान तिच्या गालाला लावला, जबड्याच्या हाडावर, फ्रिजला लावायचा तसा नीट, आणि डोळे मिटून ऐकत राहिला. बराच वेळ ऐकलं.

"घाबरलीस," तो म्हणाला.

ती दात वाजवायची थांबली, म्हणजे दातच थांबले. लास नाही. लीस. त्याच्या बोलण्यात आजवर सगळं लास होतं, पडलास, भिजलास, घाबरलास, हरवलास, कारण त्याला जे म्हटलं जाई तेच तो परत देई, आणि मुलाला लीस कोण म्हणतं? हा शब्द त्यानं कुठून उचलला? तिनं मनातल्या मनात घर उलटंपालटं केलं. नवरा काय झालं म्हणायचा, एवढंच. सासूबाई तर घाबरायचं माहीतच नाही अशा. कुणीच तिला कधी घाबरलीस म्हणालं नव्हतं, कारण तिनं कुणाला कळूच दिलं नव्हतं. तिला एकदम नवीच भीती वाटली, आधीच्या सगळ्यांहून वेगळी, की हा किती वर्षं असा भिंतींना, पेट्यांना आणि तिला कान लावून ऐकत बसला आहे.

"तू घाबरलीस," भुंगा पुन्हा म्हणाला, गालावरून कान न काढता. त्यानं थोडी वाट पाहिली, तिच्याइतक्याच चिकाटीनं. मग तिचीच शिकवण्याची चाल लावून, एकेक शब्द सुटा करून, म्हणाला, "मी. घाबरले. म्हण."

भोवती उभी असलेली माणसं ऐकत होती. पंखे घरघरत होते.

"मी घाबरले," ती म्हणाली.